पाणी गेले कुठे?

भिवंडीहून जुन्या आग्रा रस्त्याने ठाण्याकडे जाताना कशेळीचा पूल लागतो. पुलाखालची खाडी उल्हास नदीची. पश्चिमेकडे काल्हेरवरून ती पुढे वसईजवळ समुद्राला मिळते. भिवंडी म्हटले की यंत्रमाग आणि गोदामे आठवतात; पण या तालुक्याला खाडीचाही मोठा काठ आहे, आणि त्या काठावर मासेमारीच्या आणि माणसे-सामान नेण्याच्या होड्या आजही चालतात. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ म्हणून घोषित केला, तोही याच पाण्यातून जातो.

काही वर्षांपूर्वी खाडीच्या पाण्याचे नमुने घेण्यासाठी आम्ही इथली एक होडी भाड्याने घेत असू. तिला सुमारे २० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. रोज निघण्यापूर्वी होडीचे नाखवा इंजिनाच्या टाकीचे झाकण उघडत आणि डब्यातले पाणी आत ओतत. "रोज थोडं पाणी पितं," ते म्हणत, "घातलं की झालं." नारळी पौर्णिमा नुकतीच झाली होती, कामाचे दिवस सुरू झाले होते. इंजिन चालत होते, म्हणून कोणाची तक्रार नव्हती.

मग एके दिवशी ओहोटीला परत येताना तापमानाचा काटा वर गेला आणि इंजिन बंद करावे लागले. इंजिनाविना होडी ओहोटीबरोबर पुलाच्या खांबांच्या दिशेने सरकू लागली. नांगर धरला म्हणून निभावले. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. पाणी कुठेच गळताना दिसत नाही हे पाहून त्यांनी निदान केले, 'हेडचे गॅस्केट गेले, हेड उतरवावे लागेल.' म्हणजे आठवडाभर होडी बंद, खर्च वेगळा, आणि तोही ऐन हंगामात.

इंजिन पाणी 'पीत' नाही. यंत्राला तहान नसते. डब्यातून टाकीत गेलेले पाणी नाहीसे होऊ शकत नाही. ते कुठल्या तरी दारातून बाहेर पडलेले असते. दार कोणते, हा या लेखाचा प्रश्न आहे. तो सोडवताना आम्ही स्वतः एक चूक केली. ती मुद्दाम सांगणार आहोत, कारण शाळेतल्या प्रयोगशाळेतही तीच चूक वारंवार होते.

इंजिनाला पाणी लागते कशाला?

रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झाले, तेव्हा ते इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के उष्णतेचे कामात रूपांतर करत होते. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांच्या तुलनेत ही झेप मोठी होती. आजच्या लहान डिझेल इंजिनाचा ढोबळ हिशेब असा मांडता येतो: एक तृतीयांश उष्णता कामात, एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर आणि उरलेली जवळजवळ एक तृतीयांश सिलिंडरच्या भिंतींतून थंड करणाऱ्या पाण्यात.

२० अश्वशक्ती म्हणजे सुमारे १५ किलोवॉट. इंजिन पूर्ण ताकदीने चालत असेल, तर साधारण तेवढीच, म्हणजे १५ किलोवॉट उष्णता पाण्याला सतत वाहून न्यावी लागते. ती वाहून नेली नाही तर काय होईल? इंजिनात ८ लिटर पाणी आहे आणि ते ८० अंश सेल्सिअसला आहे, असे समजा. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति अंश. तेव्हा नुसते पाणी १०० अंशांपर्यंत तापायला लागणारी उष्णता ८ × ४.१८ × २० = ६६९ किलोज्यूल. सेकंदाला १५ किलोज्यूल या दराने ती ४५ सेकंदांत जमा होते! अर्थात पाण्याबरोबर लोखंडही तापते. इंजिनाचे वजन २०० किलोग्रॅम आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता ०.४६ धरली, तर आणखी १८४० किलोज्यूल लागतात आणि एकूण वेळ पावणेतीन मिनिटांच्या आसपास येतो. म्हणजे काटा वर जाताना दिसल्यापासून नाखवांच्या हाती मिनिटे असतात, तास नव्हे. त्यापुढे दट्ट्या प्रसरण पावून सिलिंडरमध्ये घट्ट होतो आणि इंजिन जाम होते.

ट्रक आणि होडी

भिवंडीच्या गोदामांसमोर ट्रकांच्या रांगा लागलेल्या असतात. ट्रकच्या इंजिनातले पाणी पुढच्या रेडिएटरमध्ये जाते आणि तिथे वारा त्याची उष्णता घेतो. होडीत वारा पुरत नाही, पण पाणी मात्र भरपूर असते. म्हणून होडीच्या इंजिनात पाण्याचे दोन वेगळे मार्ग ठेवलेले असतात.

पहिला मार्ग बंद चक्राचा. टाकीतले गोडे पाणी पंपाने इंजिनाभोवती फिरते आणि टाकीत परत येते. दुसरा मार्ग उघडा. होडीच्या बुडाशी असलेल्या कॉकमधून खाडीचे पाणी दुसरा एक पंप आत ओढतो. हे दोन्ही मार्ग एका नळकांड्यात एकमेकांना भेटतात. त्याला मिस्त्री हीट एक्स्चेंजर म्हणतात. त्याच्या आत बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून खाडीचे पाणी जाते, बाहेरून इंजिनाचे गरम पाणी वाहते. उष्णता नळीची भिंत ओलांडते, पाणी ओलांडत नाही. मग खाडीचे पाणी बहुधा धुराच्या नळीत सोडले जाते आणि धुराबरोबर मागून बाहेर पडते. (काही होड्यांत गोड्या पाण्याच्या नळ्याच बुडाखालून फिरवलेल्या असतात, तर काहींत खाडीचे पाणी थेट इंजिनात फिरवतात. आपली होडी पहिल्या प्रकारची होती.)

निदानाच्या दृष्टीने मोठा फरक इथेच पडतो. ट्रकचा रेडिएटर गळला, तर खाली थारोळे साचते. होडीचा एक्स्चेंजर आतून गळला, तर गोडे पाणी खाडीच्या पाण्यात मिसळून निघून जाते. मागे डाग नाही, थेंब नाही. 'कुठेच गळत नाही' हे होडीच्या बाबतीत खरे वाटते, पण ते पुरेसे नसते.

दारे किती?

बंद चक्रातून पाणी बाहेर जाण्याच्या वाटा मोजक्याच आहेत.

पहिली वाट टाकीच्या झाकणाची. पाणी तापले की फुगते. ३० अंशांपासून ८५ अंशांपर्यंत पाण्याचे आकारमान सुमारे २.८ टक्क्यांनी वाढते. ८ लिटरचे होतात जवळजवळ सव्वाआठ. वाढ सुमारे २२० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर. टाकी काठोकाठ भरली, तर हा पेलाभर झाकणातून बाहेर पडणारच. दुसऱ्या दिवशी पातळी उतरलेली दिसते, पुन्हा काठोकाठ भरतात, पुन्हा पेलाभर जाते. इथे इंजिनात बिघाड काहीच नाही; बिघाड भरण्याच्या सवयीत आहे.

झाकणातली स्प्रिंगही महत्त्वाची. ती आतला दाब हवेच्या दाबापेक्षा सुमारे ०.९ बारने जास्त ठेवते, त्यामुळे पाणी १०० ऐवजी सुमारे ११८ अंशांना उकळते. स्प्रिंग ढिली झाली, तर पाणी लवकर उकळून बाहेर जाते. गरम इंजिनाचे झाकण का उघडू नये, तेही यावरून कळते. दाबाखाली ११० अंशांवर असलेल्या ८ लिटर पाण्यावरचा दाब एकदम काढला, तर जवळजवळ १५० ग्रॅम पाण्याची तत्क्षणी वाफ होते, आणि ती वाफ सुमारे २५० लिटर जागा मागते. ती जागा उघडणाऱ्याच्या तोंडासमोर असते.

दुसरी वाट बाहेरच्या गळतीची: रबरी नळ्या, त्यांच्या क्लिपा, पाणी काढायचा कॉक, पंपाचे सील. ही डोळ्यांना दिसते, निदान पांढरट डाग तरी सोडते.

तिसरी वाट एक्स्चेंजरमधून खाडीच्या पाण्यात.

चौथी वाट सिलिंडरमध्ये. हेड आणि ब्लॉक यांच्यामधले गॅस्केट फुटले की ही वाट उघडते. पाचवी वाट वंगणाच्या तेलात. गॅस्केट, तडा गेलेला ब्लॉक किंवा तेल थंड करणारा कूलर असेल तर तो, यांपैकी कशातूनही ती निघू शकते.

दारे पाचच आहेत. प्रत्येक दाराची साक्ष वेगळी आहे. एकेका दाराला असा प्रश्न विचारायचा, की त्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' येईल.

आधी वही, मग पाना

आम्ही नाखवांना हेड उतरवण्याआधी थोडे दिवस मागितले. ते राजी झाले, एका अटीवर: डबा सोबत ठेवायचा आणि पुलापलीकडे जायचे नाही. मग एक वही केली. रोज सकाळी इंजिन थंड असताना टाकीतल्या ठरलेल्या खुणेपर्यंत पाणी मोजपात्राने भरायचे आणि लिहायचे. शिवाय इंजिन किती तास चालले, तेही लिहायचे.

पहिल्या दोन दिवसांचे आकडे मात्र विसंगत आले. कारण साधे निघाले. ओहोटीला होडी चिखलावर बसते आणि कलते. कललेल्या होडीत टाकीतली पातळीही खोटी दिसते. त्यानंतर मोजमाप भरतीला, होडी सरळ तरंगत असतानाच करायचे ठरले. मोजमाप घेण्याआधी मोजण्याची परिस्थिती सारखी करावी लागते, हा धडा आमच्यासारख्यांना खरे तर नवा नव्हता!

पुढचे आकडे बोलके होते. इंजिन चार तास चालले त्या दिवसानंतर ६०० मिलिलिटर पाणी लागले; दोन तास चालले तेव्हा ३०० च्या आसपास; होडी दोन दिवस उभी राहिली तेव्हा काहीच नाही. तासाला सुमारे १५० मिलिलिटर. पाणी खुणेपर्यंतच भरत असल्याने फुगण्याला जागा होती, आणि तरीही घट थांबत नव्हती. तेव्हा पहिले दार बंद. उभ्या होडीतून पाणी जात नव्हते आणि चालत्या इंजिनाखाली कोरडा कागद अंथरला तरी तो कोरडाच राहत होता. दुसरे दारही बंद.

उरली तीन: एक्स्चेंजर, सिलिंडर, तेल.

आमची चूक

एक्स्चेंजरची परीक्षा सोपी आहे, असे आम्हाला वाटले. इंजिन थंड होताना आतले पाणी आकसते. नळीला छिद्र असेल, तर त्यातून थोडे खाडीचे पाणी उलट आत ओढले जाऊ शकते. खाडीचे पाणी खारे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांतले १९ ग्रॅम क्लोराइड. असे ५० मिलिलिटर पाणी ८ लिटरमध्ये मिसळले, तरी लिटरमागे १२० मिलिग्रॅम क्लोराइड वाढते. सिल्व्हर नायट्रेटच्या परीक्षेत एवढे सहज कळावे.

आम्ही दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत टाकीतले पाणी, दुसरीत डब्यातले नळाचे पाणी. दोन्हींत आधी विरल नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले, म्हणजे कार्बोनेट फसवणार नाही. मग सिल्व्हर नायट्रेट. दोन्हींत सारखाच पुसट पांढरेपणा आला. फरक नाही. आम्ही निष्कर्ष काढला, 'एक्स्चेंजर निर्दोष आहे. मिस्त्रींचे बरोबर दिसते, गॅस्केटच असणार.'

नाखवा परीक्षानळ्यांकडे पाहत होते. ते म्हणाले, "पण साहेब, ह्या दिवसांत खाडीला खारटपणा असतो कुठं?"

आम्ही गप्प झालो. मग होडीच्या कडेने खाडीचेच पाणी भरून तिसरी परीक्षानळी केली. तीही पहिल्या दोघींपेक्षा फारशी वेगळी दिसेना! ऐन पावसाळा, ओहोटीची वेळ. उल्हास आणि कामवारी या नद्यांचे पुराचे पाणी समुद्राच्या पाण्याला मागे रेटत होते. जे पाणी ओळखायचे, त्याच्यात ओळखण्याची खूणच त्या महिन्यात नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत हीच परीक्षा उपयोगी पडली असती. ऑगस्टमध्ये ती काहीच सांगत नव्हती, आणि आम्ही तिच्या गप्प बसण्याला 'नाही' समजलो.

दुसरीही एक गोष्ट आमच्या नजरेतून सुटली होती. इंजिन चालू असताना बंद चक्रातला दाब खाडीच्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्त असतो. मग गळती आतून बाहेर होते. थंड होतानाही टाकीच्या झाकणातली उलटी झडप आधी उघडून हवा आत घेत असेल, तर खाडीचे पाणी आत येण्याची गरजच पडत नाही. पाणी जाते म्हणून मीठ येईलच, असे नाही.

एखादी परीक्षा नकारार्थी आली, की विचारावे: दोष असता, तर या परीक्षेने तो नक्की दाखवला असता का? याचे उत्तर मिळवण्यासाठी दोष असलेला नमुना मुद्दाम तपासून पाहावा लागतो. आमची तिसरी परीक्षानळी पहिल्यांदा भरायला हवी होती.

गॅस्केटला विचारलेले प्रश्न

आता गॅस्केटचा संशय परीक्षेशिवाय मान्य करायचा नव्हता.

बरेच जण धुराकडे बोट दाखवतात: पाणी सिलिंडरमध्ये जात असेल, तर धूर पांढरा येईल. आकडे काय सांगतात? एक किलोग्रॅम डिझेल जळले, की त्यातल्या हायड्रोजनपासून सुमारे १.२ किलोग्रॅम पाणी तयार होते. आपले इंजिन मध्यम वेगाला तासाला साधारण दोन लिटर डिझेल जाळते, असे धरू. म्हणजे दोन किलोग्रॅम पाण्याची वाफ धुरात मुळातच असते. त्यात १५० ग्रॅमची भर पडली काय, न पडली काय, डोळ्यांना कळणार नाही. शिवाय या धुराच्या नळीत खाडीचे पाणी सोडलेले असते, म्हणून वाफ रोजच दिसते. धुराची साक्ष या प्रकरणात निकामी होती. (त्याच हिशेबाने, एक्स्चेंजरमधून गेलेले पाणीही बाहेर पडणाऱ्या धारेत दिसणार नाही. मिनिटाला २० लिटर खाडीचे पाणी जात असेल, तर तासाला १२०० लिटरमध्ये १५० मिलिलिटर, म्हणजे आठ हजारांत एक भाग.)

चांगला प्रश्न दाबाचा आहे. ज्वलनाच्या क्षणी डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाब ६० बारच्याही वर जातो. पाण्यात दाब एक बारच्या आत असतो. गॅस्केटला वाट असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये जाण्याआधी वायू पाण्यात घुसतील. मग थंड इंजिन सुरू केल्यावर, पाणी तापायच्याही आधी, टाकीत बुडबुडे येतील आणि वरची रबरी नळी एक-दोन मिनिटांत टणक होईल. या बुडबुड्यांत कार्बन डाय-ऑक्साइड असतो. टाकीवरची हवा चुन्याच्या निवळीतून किंवा ब्रोमोथायमॉल ब्लूच्या द्रावणातून नेली, तर निवळी गढूळ होईल, निळे द्रावण पिवळे पडेल. मात्र डिझेल इंजिन रिकामे चालत असताना धुरात हा वायू थोडाच असतो. म्हणून होडी धक्क्याला बांधून इंजिनावर भार देऊन, बराच वेळ परीक्षा घ्यावी लागते.

आम्ही थंड इंजिन झाकण काढून सुरू केले. सुरुवातीला अडकलेली हवा गेली, मग पाणी शांत फिरू लागले. बुडबुडे नाहीत. द्रावण निळेच राहिले. आणि यावेळी विसरलो नाही: तेच द्रावण एका नळीने तोंडाने फुंकून पाहिले, ते पिवळे झाले. परीक्षा काम करत होती.

तेलासाठी डिपस्टिक काढली. तेल दुधाळ झालेले नव्हते, पातळीही वाढलेली नव्हती. तेलाचा एक थेंब तापलेल्या तव्यावर टाकला. पाणी असते तर तो तडतडला असता. तो नुसता पसरला. (हे काम डोळ्यांना चष्मा लावूनच करावे.) इथेही दुसऱ्या थेंबात मुद्दाम पाण्याचा अंश मिसळून टाकला, तो तडतडला.

चौथे आणि पाचवे दारही बंद झाले. उरले ते तेच दार, जे आम्ही घाईने निर्दोष ठरवले होते.

थेंब

शेवटची परीक्षा सरळ होती. सायकलच्या पंपासारखा, दाबमापक लावलेला एक हातपंप टाकीच्या तोंडाला बसवतात आणि थंड इंजिनात ०.९ बार दाब देतात. चक्र बंद असेल, तर काटा जागेवर राहतो. पंधरा मिनिटांत काटा ०.६ वर आला. बाहेर कुठेही थेंब नाही.

मग बुडाचा कॉक बंद केला. हे आधी केले नाही, तर खाडीच होडीत येते! एक्स्चेंजरचे बाजूचे झाकण उघडले. नळ्यांची तोंडे मधाच्या पोळ्यासारखी समोर दिसू लागली. ती पुसून कोरडी केली आणि पुन्हा दाब दिला. दोन-तीन मिनिटांनी खालच्या ओळीतल्या एका नळीच्या तोंडाशी पाणी जमू लागले, थेंब झाला, पडला. मग दुसरा. नाखवांनी बोट लावून तो थेंब पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे हेड नको काढायला."

मिस्त्रींनी त्या एका नळीची दोन्ही तोंडे पितळी खुंट्या ठोकून बंद केली. अनेक नळ्यांपैकी एखाद-दुसरी बंद केली, तरी उष्णता नेण्याच्या कामात फारसा फरक पडत नाही. मात्र अशा खुंट्या वाढत गेल्या, की एक्स्चेंजर बदलावाच लागतो. होडी दुसऱ्या दिवशी पाण्यात गेली. वहीत पुढचे सात दिवस 'भरलेले पाणी' या रकान्यात शून्य आहे.

नळीला छिद्र का पडले? एक्स्चेंजरमध्ये झिंकची एक कांडी बसवलेली असते. खारे पाणी आणि दोन वेगळे धातू मिळून विद्युतघट तयार होतो. झिंक तांब्यापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने आधी तेच झिजते आणि तांब्याच्या नळ्या वाचतात. आम्ही कांडी उघडली, तर नुसते बूच हाती आले. झिंक केव्हाच संपले होते. शिवाय ओहोटीला चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा. सांडपाण्याने ऑक्सिजन संपलेल्या पाण्यात तो तयार होतो आणि तांब्याच्या मिश्रधातूंवरचा संरक्षक थर बिघडवतो. या नळीच्या बाबतीत कोणाचा वाटा किती, हे सांगता येणार नाही. पण खाडी घाण होण्याची किंमत होडीच्या इंजिनालाही चुकवावी लागते, एवढे खरे.

रोज डब्याने पाणी भरणे हा उपाय नव्हता. तो प्रश्न पुढे ढकलत होता. गळती गॅस्केटची असती, तर त्याचे परिणाम आणखी वाईट झाले असते. इंजिन बंद केल्यावर पाणी सिलिंडरमध्ये साचते, आणि पाणी दाबले जात नसल्याने सकाळी इंजिन सुरू करताना दट्ट्याचा दांडा वाकू शकतो.

वर्गात काय करता येईल?

प्रसरणासाठी एक चंबू काठोकाठ रंगीत पाण्याने भरावा, बुचातून बारीक नळी बसवावी आणि चंबू गरम पाण्यात ठेवावा. नळीत चढलेल्या पाण्यावरून होडीच्या टाकीतल्या पेलाभर पाण्याचा अंदाज विद्यार्थ्यांना काढायला सांगावा.

दाब आणि उत्कलन यांसाठी सुई नसलेल्या प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये ६०-७० अंशांचे थोडे पाणी घ्यावे, तोंड बोटाने बंद करून दट्ट्या ओढावा. दाब कमी होताच पाणी उकळू लागते. झाकणातली स्प्रिंग याच्या उलट काम करते.

सिल्व्हर नायट्रेटसाठी मिठाचे पाणी दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत न्यावे आणि नळाचे पाणी शेजारी ठेवावे. कुठे फरक दिसेनासा होतो? विद्यार्थ्यांनी परीक्षेची मर्यादा स्वतः शोधावी. खाडीजवळच्या शाळांनी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात खाडीचे पाणी तपासून तुलना करावी. पाणी चाखून मात्र कोणी पाहू नये. इंजिनात घालायचे कूलंट ग्लायकॉलचे असते, ते गोड लागते आणि विषारी असते.

आणि एक कोडे. तीन होड्यांच्या वह्या आहेत. 'अ' होडीत टाकी काठोकाठ भरली की पहिल्या फेरीत २२० मिलिलिटर घट होते. पुन्हा न भरता चालवली, तर घट थांबते. 'आ' होडीत उभ्या दिवशीही १०० मिलिलिटर घट होते. 'इ' होडीत थंड इंजिन सुरू केल्याबरोबर टाकीतून पाणी बाहेर फेकले जाते. कोणत्या होडीत कोणते दार उघडे आहे? पहिलीत दोष भरण्याचा, दुसरीत बाहेरची गळती शोधावी, तिसरीत गॅस्केटचा संशय पक्का. विद्यार्थ्यांनी उत्तराबरोबर पुढची परीक्षाही सुचवावी, आणि ती परीक्षा चुकीचे उत्तर केव्हा देईल, तेही सांगावे. हा शेवटचा प्रश्न आम्हाला भिवंडीच्या एका नाखवांनी शिकवला.